सहा सोडले, चौथा नेला

१

"पाकिटात सात फोटो होते. आता सहाच आहेत," टायपिस्टकाका म्हणाले. बसायचं सोडून ते खुर्चीचा हात धरून उभेच राहिले.

शनिवारची सकाळ होती. सोमवारी अकराला सुनावणी. वकीलबाईंनी पाकीट टेबलावर उपडं केलं. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. मागे पेन्सिलीने घातलेले आकडे स्पष्ट होते. चौथा नव्हता. मग त्यांनी निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. पट्टीचे दोन तुकडे झाले होते. मधली एकच चौकट कुणीतरी कापून नेली होती.

"बेलिफबाई," त्या मला म्हणाल्या, "हे कुणाचं काम आहे ते सोमवारच्या आत मला कळलं पाहिजे."

एकतीस वर्षं मी कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं, हे माझं काम. मी कोपऱ्यावर दिसले की भले भले मागच्या दाराने पसार व्हायचे. निवृत्त झाले तेव्हा वकीलबाईंनी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे मी साक्षीदार हुडकते, पत्ते शोधते, आणि अशील थापा मारतोय का ते सांगते. कायदा त्यांचा, नाक माझं.

हा दावा काडीमोडाचा होता. अर्ज बायकोचा. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मी प्रत्येकाला मनातल्या मनात एक नाव देते, तिला दिलं होतं 'दातवाली'. नवरा सरकारी मोजणीदार, वर्षातले बरेच महिने डोंगरदऱ्यांत. त्याच्या ऑफिसात नकाशे काढणारी एक बाई होती, आणि मोजणीदार तिच्या घरी जातो, रात्रीचा राहतो, असा आरोप होता. दातवालीच्या दादाने एक हेर लावून फोटो काढवले होते. नवराबायकोला आठ वर्षांची एक मुलगी.

आमच्याकडे समजुतीने वेगळं व्हायचं तर आधी तीन वर्षं वेगळं राहून दाखवावं लागतं. लवकर सुटायचं तर एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करायचा. व्यभिचार हा त्यातला सगळ्यात मोठा दोष, आणि सिद्ध करायला सगळ्यात अवघड, कारण तो कुणी साक्षीदार बोलावून करत नाही. म्हणून कोर्ट दोन गोष्टी बघतं. ओढ होती का, आणि संधी होती का. नुसत्या कबुलीवर निकाल मिळत नाही, कारण कबुली दोघं संगनमताने, ठरवूनही देऊ शकतात. आणि ज्याच्यावर दोष शाबीत होतो, त्याच्या हाती मूल सहसा लागत नाही.

"चौथ्यात होतं तरी काय?" मी विचारलं.

काकांनी स्वतःच टाइप केलेली यादी वाचून दाखवली. "दोन : जाबदार, म्हणजे नवरा, व ती स्त्री, दारात, खांद्यावर हात. पाच : जाबदार सकाळी बाहेर पडताना. सहा : दोघे गच्चीत." मग ते थांबले. "चार : घराची खिडकी, बाहेरून. काचेवर चकाकी. माणसे स्पष्ट नाहीत."

मी आणि वकीलबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. चोराने सहा सोन्याचे सोडले होते आणि एक पितळेचा नेला होता.

२

पाकीट दादाने बुधवारी आणून दिलं. गुरुवारी सकाळी काकांनी सातही फोटो बघून यादी केली. त्याच दुपारी मोजणीदार कागदपत्रं पाहायला आला. तो त्याचा हक्कच होता, आणि त्याने वकीलही दिला नव्हता. तो दहा मिनिटं बसला. शुक्रवारी दातवाली आणि दादा शपथपत्रावर सही करायला आले. त्या दिवशी मीही होते. शनिवारी सकाळी फोटो गायब. म्हणजे हात मारायची संधी चौघांना होती, काका धरून.

"नवराच!" वकीलबाई म्हणाल्या. "आणखी कोण? ज्याच्या गळ्याला फास, तोच दोरी कापणार."

"दोरी कापली असती तर गोष्ट वेगळी," मी म्हणाले. "त्याला फासावर नेणारे सहा फोटो इथेच आहेत. खांद्यावरचा हात सोडून तो चकाकलेली खिडकी कशाला नेईल?"

"घाईत चुकीचा उचलला असेल."

"घाईत? ही कापलेली कड बघा."

कड सरळसोट होती. पोलादी पट्टी लावून धारदार पात्याने एका दमात कापलेली. घाईतल्या माणसाचं काम नव्हतं ते. ज्याने नेलं, त्याला चौथाच हवा होता, आणि बाकीचे सहा जागेवर राहायला हवे होते. म्हणजे त्याला दावा बुडवायचा नव्हता. दातवाली जिंकावी, पण ती खिडकी कोर्टात दिसू नये, अशी त्याची इच्छा होती.

"मग चोर आपल्याच बाजूचा," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या.

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मला शुक्रवार आठवला. सही करताना दातवालीची बाही वर सरकली होती आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा गुलाबी, चकचकीत डाग दिसला होता. मी सहज विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "लॅबमधला बर्नर. मागच्या महिन्यात. पंधरा दिवस पट्टी होती." तिच्या कामात बारीक पाती रोज हातात असतात. तासाभरात तिने तीनदा विचारलं होतं, "निकाल नक्की कधी लागेल?" आणि एवढ्या उकाड्यात अंगातला ढगळ कोट काही काढला नव्हता.

३

नकाशेवाली ऑफिसात एकटीच होती. उतरत्या टेबलावर मोठा कागद ताणलेला, त्यावर पाठीचा कणा वाकवून ती डोंगरांची उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा ओढत होती. चाळिशीची, शांत बाई. सोमवारी तिलाही साक्षीला यायचं होतं. मी कोण ते सांगितल्यावर तिने पेन पुसून ठेवलं.

"विचारा. मी काही नाकारणार नाही."

मी असे साक्षीदार फार थोडे पाहिलेत. दुसरीच्या नवऱ्याशी नाव जोडलं गेलेली बाई रडते, चिडते, वकील गाठते. ही मात्र पाढे म्हणावेत तशी उत्तरं देत होती. कोणत्या वारी आला, कधी गेला, गच्चीत किती वेळ होता. सगळं फोटोंशी तंतोतंत जुळत होतं.

"आणि हे सगळं किती दिवसांपासूनचं?"

"सहा वर्षं," ती पटकन म्हणाली. लगेच तिने मान खाली घातली. "म्हणजे... वर्षभर. वर्षच म्हणायचं होतं मला."

मोजणीदाराने कोर्टात दिलेल्या लेखी जबाबातही 'गेल्या वर्षभरापासून' असंच होतं. तारखा घोकलेली बाई सहा वर्षांची चूक कशी करते? मी ते मनात टिपून ठेवलं.

"तुमच्या खिडकीचा एक फोटो हरवलाय," मी म्हणाले.

तिचा चेहरा कोरा राहिला. तिला खरंच माहीत नव्हतं. पण मी जिना उतरायला लागले तेव्हा मागून फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा दबका आवाज. "अहो, खिडकीचा कुठला फोटो? त्या दिवशीचा तर नाही ना?"

४

दादाचं छपाईचं दुकान होतं. मी आत पाऊल टाकलं तसा तो कडाडला.

"माझ्यावर संशय? हेर मी लावला. दोन दिवस पाकीट माझ्या कपाटात होतं. लपवायचंच असतं तर तुमच्याकडे आणेपर्यंत थांबलो असतो का?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय या माणसाच्या पोटात काही राहणं शक्य नव्हतं. खिडकीत त्याला काही दिसलं असतं, तर आख्ख्या गावाला ऐकू गेलं असतं.

"बहिणीला फोटो कधी दाखवले?"

"दाखवत होतो, तिने बघितलेच नाहीत. तोंड फिरवलं. 'दादा, मला नको दाखवू' म्हणाली. वीस तारखेला मी तिला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हासुद्धा रडली नाही, ओरडली नाही. दगड झालीय पोरगी." त्याचा आवाज जड झाला. "तो माणूस मला आवडायचा हो, बेलिफबाई. म्हणून जास्त राग येतो."

दादाने हेराकडे पाठवलं आणि हेराने फोटो स्टुडिओकडे. चौथा फोटो नऊ तारखेचा, संध्याकाळी चारचा, हे हेराच्या वहीत होतं. "सूर्य काचेवर होता. वाया गेलेला फोटो," तो म्हणाला. पण स्टुडिओवाला जुन्या वळणाचा होता. रीळ धुतलं की सगळ्या चौकटींचा एक छोटा ठसा कागदावर काढून तो स्वतःजवळ ठेवायचा. त्याने पेटाऱ्यातून तो कागद काढला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

चौकट टपाल तिकिटाएवढी. आधी नुसती चकाकी दिसली. मग भिंग मागेपुढे केलं तशी खिडकीच्या आतली खोली उघडली. टेबल. टेबलाच्या एका बाजूला मोजणीदार, शेजारी नकाशेवाली. मध्ये एक मोठा कागद. आणि उजव्या कडेला तिसऱ्या माणसाचा हात. बाकीचं अंग भिंतीआड. हात कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून होता.

त्या हाताच्या मनगटावर पांढरी पट्टी होती.

५

रविवारी सकाळी दातवाली लॅबमध्ये एकटी होती. फळीवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. कुणाचे तरी हसू तयार व्हायची वाट बघत असल्यासारखे. मी ठशाचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि भिंग दिलं.

येताना रस्ताभर मी तिच्याविरुद्धचा दावा मनात रचला होता. अर्जात लिहिलंय की नवऱ्याचं प्रकरण तिला वीस तारखेला कळलं. नऊ तारखेला ती त्याच बाईच्या टेबलाशी बसलीय. म्हणजे आधीच माहीत होतं. माहीत असून जोडीदार नांदत राहिला तर कायदा म्हणतो, तू माफ केलंस, आता तक्रार नाही. हा फोटो दिसला तर अर्ज जागीच संपणार. म्हणून तिनेच तो कापला. सगळं चपखल बसत होतं.

फक्त तिचा चेहरा बसत नव्हता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने भिंग खाली ठेवलं.

"असा फोटो आहे? कुणी कुणी पाहिलाय?"

चोराने हा प्रश्न विचारला नसता. आणि हेही आठवलं की शुक्रवारी काकांनी पाकीट पुढे केलं तेव्हा तिने ते हातानेच मागे सारलं होतं. न पाहिलेल्या सातातला चौथा कापायचा, हे तिला कसं सुचणार?

"मीच पाहिलाय अजून," मी म्हणाले. "पण मला एक कळत नाही. ज्या बाईने तुमचा संसार मोडला, तिच्या घरी बसून तुम्ही तिघं कागदावर काय लिहीत होता? मी सांगू? वार आणि वेळा. ते दारात कधी उभे राहणार, गच्चीत कधी जाणार. दादाला संशय येईल अशी कुजबुज तुम्हीच पसरवली, म्हणून त्याने लावलेला हेर कोपऱ्यावर उभा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तो लपून फोटो काढत होता, आणि तुम्ही त्याला फोटो पुरवत होता. प्रकरण कधी नव्हतंच."

मग तिने कोटाची बटणं सोडली. कोट बाजूला झाला आणि मला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

"सोळावा आठवडा," ती म्हणाली. "आमचे हे त्याआधी पाच महिने डोंगरात होते. दीड महिन्यापूर्वी आले."

"मग बाळ..."

"लॅबच्या मालकांचं. ते विधुर आहेत. मी यांना पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, बेलिफबाई. लपवलं नाही. वाटलं, मारतील, हाकलून देतील. हे अंगणात गेले, तासभर फेऱ्या मारल्या आणि आत येऊन म्हणाले, आपली पिल्लू कुणाकडे राहील ते आधी बघू."

माझ्या डोक्यात हिशोब भराभर जुळत गेला. तीन वर्षं थांबता येत नव्हतं. आणखी महिन्याभरात पोट कोटाबाहेर येणार. मग कोर्ट विचारणार, मूल कुणाचं? नवऱ्याचं म्हणावं तर तिने त्याला माफ केलं, अर्ज बाद. नवऱ्याचं नाही म्हणावं तर दोषी तीच, आणि लेक हातची गेली. दोन्हीकडून कात्री होती ती.

"आणि त्यांनी तुमचा दोष स्वतःच्या माथी घेतला."

"मी नको म्हणत होते," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली.

६

मोजणीदार नदीकाठच्या बाकावर लेकीला भोवऱ्याला दोरी गुंडाळायला शिकवत होता. मला पाहून त्याने मुलीला म्हटलं, "पिल्लू, तो तिकडचा सपाट दगड दिसतो? तिथे फिरतो का बघ." ती पळाली.

"फोटो तुम्ही घेतलात," मी बसत म्हणाले.

"कशावरून?"

"चौघांना संधी होती. काकांना कारण नाही, आणि चोरी उघड केली तीही त्यांनीच. दादाला लपवायचं असतं तर पाकीट आणायच्या आधी लपवता आलं असतं. तुमच्या बायकोने फोटो पाहिलेच नाहीत. उरलात तुम्ही. मी तुम्हाला पहिल्याच तासाला सोडून दिलं होतं, कारण हरणारा माणूस आपल्याविरुद्धचे सहा पुरावे शाबूत ठेवणार नाही, असं मला वाटलं. तुम्हाला हरायचंच असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकतीस वर्षांत तसा एकही भेटला नव्हता."

त्याने खिशातून पाकीट काढलं. आत तो फोटो होता, आणि ती नखाएवढी चौकट. नकाशे कातरायचं पातं आणि पट्टी त्याच्याजवळ कायमच असायची.

"काका फोन घ्यायला आत गेले," तो म्हणाला. "इतरांना चकाकी दिसली. मला तिच्या मनगटावरची पट्टी दिसली, कारण ती पट्टी मीच रोज बदलत होतो."

"एवढं का करताय?"

"बारा वर्षांच्या संसारात मी किती दिवस घरी होतो ते काढलं, बाई. माझा धंदाच मोजायचा. चारशे अकरा. पिल्लू जन्मली तेव्हा मी खिंडीत होतो. तिला गोवर झाला तेव्हा पठारावर. ही बाई एकटीच राहत होती, फक्त कागदावर लग्न झालेली. चूक तिची झाली हे खरं, पण तिची एकटीची नाही. आणि कोर्टाने पिल्लू मला दिली तर ती कुठे जाणार? वसतिगृहात. मी तर परत डोंगरात."

"आणि त्या नकाशेवालीची अब्रू?"

"तिने स्वतःहून होकार दिला. चांगली मैत्रीण आहे माझी. बदली घेऊन दुसरीकडे जाणार आहे, म्हणाली लोक बोलले तरी मला ऐकू येणार नाही."

मला ती 'सहा वर्षं' आता समजली. त्या नाटकात दोघं नाटक करत होती. तिसरी, नकाशेवाली, नव्हती; तिची ओढ खरी होती. तिला फक्त तारीख खोटी सांगायची होती, आणि तीच जिभेवर येईना. या शहाण्या माणसाला डोंगराची उंची कळत होती, पण शेजारच्या टेबलावरचं कळलं नव्हतं. मी बोलले नाही. आयुष्यभर मी लोकांचे कागद लोकांच्या हाती दिले, पण हा कागद माझा नव्हता.

"आता काय करणार?" त्याने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुम्ही गप्प राहिलात तर उद्या दुपारपर्यंत सगळं संपेल."

भोवरा दगडावर फिरायला लागला होता. मुलगी टाळ्या पिटत होती. मी उठून घरची वाट धरली.

७

सोमवारी नऊ वाजता मी वकीलबाईंना सगळं सांगितलं.

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"नसतं सांगितलं तर?"

"तर मी आज जिंकले असते. आता माहीत असून उभी राहिले तर न्यायाधीशांना फसवणारी मीच." त्यांनी काळा कोट चढवला, परत काढला. "आणि ती नकाशेवाली शपथेवर खोटं बोलणार. पकडली गेली तर तुरुंग. याचा विचार केलाय का कुणी?"

साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही त्या तिघांना एका कोपऱ्यात गाठलं. दादा लांब जिन्यापाशी, मुठी वळून उभा. वकीलबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं, हा अर्ज मी चालवू शकत नाही.

मोजणीदार भिंतीला टेकला. नकाशेवाली म्हणाली, "माझी काही हरकत नाही. मी विचारतील ते सांगेन. तुरुंग तर तुरुंग."

दातवालीने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, निरखलं. दातांच्या ठशात चीर शोधतात तसं. बायको म्हणून जे तिला वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं ते त्या क्षणी दिसलं असावं.

"तुमची नसेल," ती म्हणाली. "माझी आहे. माझ्यासाठी आणखी कुणी मातीत जायचं नाही."

पुकारा झाला. ती एकटीच पुढे गेली. तिने अर्ज मागे घेत असल्याचं सांगितलं आणि न्यायाधीशांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "साहेब, दोष यांचा नाही. माझा आहे." मागून दादाचा हुंदका की शिवी, काहीतरी फुटलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि दालन रिकामं करायला सांगितलं.

अर्ज निकाली निघाला. मग मोजणीदाराने स्वतःचा अर्ज केला, बायकोच्या व्यभिचारावरून. तिने विरोध केला नाही. पण नुसती कबुली कोर्टाला पुरत नव्हती, पुरावा लागतच होता. तो निघाला मोजणीदाराच्या दैनंदिन वह्यांतून. तो कोणत्या तारखेला कोणत्या शिखरावर होता, सरकारी शिक्क्यासह. बाळ त्याचं असूच शकत नव्हतं, हे त्या वह्यांनी सिद्ध केलं. काडीमोड झाला.

राहिला प्रश्न मुलीचा. त्याच्या सुनावणीला वकीलबाई दातवालीच्या बाजूने उभ्या होत्या, यावेळी मोकळ्या मनाने. मुलीच्या हितासाठी कोर्टाने नेमलेले सरकारी वकील म्हणाले, आई दोषी आहे, कायद्याचा कल बापाकडे. न्यायाधीशांनी मोजणीदाराला पिंजऱ्यात बोलावलं.

"तुम्हाला मुलगी हवी आहे ना?"

"हवी आहे, साहेब," तो म्हणाला. मग त्याने त्याच वह्यांचा गठ्ठा उघडला. "पण यात लिहिलंय ते वाचू का?"

आणि तो वाचत गेला. मुलगी चालायला लागली तो दिवस : मुक्काम खिंड. शाळेचा पहिला दिवस : मुक्काम पठार. ताप एकशे चार : मुक्काम कडा, पाऊस, यंत्र बंद. आवाजात चढउतार नव्हता, मापं वाचावीत तसं वाचत होता. दादा माझ्या शेजारी बसला होता. तिसऱ्या वहीला त्याने रुमाल काढला.

"पुरे," न्यायाधीश म्हणाले. वह्या मिटायला त्यांनी स्वतः हात पुढे केला.

मुलगी आईकडे राहिली. बापाला दर शनिवार.

दातवालीला मुलगा झाला, लॅबच्या मालकांशी तिने साधेपणाने लग्न केलं. दादा सहा महिने तिच्या दारात गेला नाही, मग एकदा गेला तो पाळणा घेऊनच. नकाशेवाली बदली घेऊन गेली. मोजणीदाराने तिला एक पत्र लिहिलं, एवढं मला ठाऊक आहे, कारण नवा पत्ता त्याला मीच काढून दिला. उत्तर आलं का, ते मी विचारलं नाही.

डोंगरातलं काम सोडून त्याने ऑफिसातली जागा मागून घेतली. पहिल्या शनिवारी मी दातवालीच्या घरावरून जात होते. वेळ दहाची ठरलेली. साडेनवालाच तो तिच्या दाराबाहेर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, बेल वाजवू की नको या विचारात. तेवढ्यात दार आतूनच उघडलं.

"बाबा, मी कधीची तयार आहे," मुलगी म्हणाली.